आतलं चालेल

"कितीपर्यंत चौकशी करून आलात, शेठ?"

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शिरलं की पहिला प्रश्न हाच येणार, हे दाल्सूला ठाऊक होतं. सोलमधल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. या प्रश्नाला भाबडेपणाने आकडा सांगितला की गिऱ्हाईक कापलं गेलंच म्हणून समजा. त्यामुळे येताना गाडीत मनाशी घोकून ठेवलेलं उत्तर त्याने तोंडावर फेकलं.

"चौकशी केली असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तुम्ही बोला."

गाळ्याचा मालक मा शेठ हसला. साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर, अंगात बाह्या नसलेलं जाड जाकीट. समोरच्या दोन्ही गाळ्यांची शटरं कधीची खाली आलेली होती आणि त्याच्या स्वतःच्या गाळ्यातही सकाळपासून कोणी फिरकलेलं दिसत नव्हतं, पण प्रश्न मात्र त्याने पूर्वीच्याच तोऱ्यात विचारला होता.

"बरं. वापरणार कोण? तुम्ही की या ताई?"

"ही. माझी मुलगी मिरू," दाल्सू म्हणाला. "थ्रीडी चित्रं करते. हलणारी. तेव्हा आपल्याला ग्राफिक्स कार्ड पाहिजे. वेगळं. आतलं नको."

"अरे वा! अभ्यास करून आलात की."

दाल्सूची छाती जरा फुगली. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला लॅपटॉपमधलं काय कळणार, पण डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या भाच्याला धरून त्याने हे सगळं नीट समजून घेतलं होतं. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, मशीनच्या मेमरीतूनच उसनं घेऊन तो बिचारा भागवतो. वेगळं कार्ड असलं की त्याची चूल वेगळी. पटपट शिजतं. भाच्याने समजावलं होतं साध्या शब्दांत, आणि चुलीची भर दाल्सूची स्वतःची होती.

"आतलं चालेल, अप्पा," मिरू मागून म्हणाली.

"तू गप्प बस गं."

मा शेठने दोन लॅपटॉप काढून काचेवर शेजारी शेजारी मांडले. एक जाडजूड काळा, कडांना नारिंगी रेघ. दुसरा राखाडी, चपटा, नजरेत न भरणारा.

"हे बघा शेठ, किमतीत फार फरक नाही. हा काळा थोडा चढा. याच्यात वेगळं कार्ड आहे. पण या भावात वेगळं कार्ड द्यायचं म्हणजे कंपनी बाकीकडे हात आखडणारच ना? स्क्रीन फिकी. बॅटरी दुपारपर्यंत. चार्जर विटेएवढा. आणि पंखा जरा बोलका आहे. आता हा राखाडी. आतलंच ग्राफिक्स. पण मेमरी दुप्पट, स्क्रीन झकास, बॅटरी दिवसभर. आणि वजन, उचलून बघा."

मिरूने राखाडी उचलला, काळ्याकडे पाहिलंही नाही.

"याच्या पंख्याचा आवाज येतो?"

"येतच नाही म्हणा."

"आणि त्याच्या?"

"काम दिलं की घोंघावतो."

मा शेठने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "ताई, नेमकं काय करणार याच्यावर?"

"लेक्चर बघणार. थोडं लिहिणं."

"ती असंच सांगणार!" दाल्सू मध्येच बोलला. "हिचं नका ऐकू शेठ. बापाचा खिसा सांभाळतेय."

यात त्याची चूक म्हणावी, तर ती त्या घराची चूक होती. दाल्सूच्या घरात कोणी काही सरळ मागत नसे. त्याची आई जन्मभर माशाचं डोकंच आवडतं म्हणत राहिली आणि मधले तुकडे पोरांच्या ताटात पडत गेले. दाल्सू स्वतः एकच कोट "अजून उबदार आहे" म्हणत कितीतरी हिवाळे घालत होता. त्याची बायको दर वर्षी वाढदिवसाला "मला काही नको" म्हणायची आणि काही आणलं नाही तर दोन दिवस भांडी जरा जोरात आपटायची. अशा घरातली मुलगी "स्वस्तातलं चालेल" म्हणाली, की त्यातून काय ओळखायचं, हे दाल्सूला कोणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय त्याच्या फोनमध्ये ती फिल्म होती. मिनिटभराचीही नसेल. मिरूने कॉलेजात असताना केलेली. त्यात दाल्सूची हिरवी बस टेकडी चढत असते. अर्ध्यावर दमते, थांबते, मग तिच्या चार चाकांच्या जागी चार पाय फुटतात आणि ती धापा टाकत चालत वर जाते. आत सगळे प्रवासी गाढ झोपलेले. ड्रायव्हरचे कान हुबेहूब दाल्सूचे. डेपोत असा एक माणूस उरला नव्हता ज्याला दाल्सूने ती निदान दोनदा दाखवली नव्हती. जुन्या लॅपटॉपवर ती फिल्म तयार व्हायला रात्र रात्र लागायची. "चित्र शिजतंय, कोणी हात लावायचा नाही," अशी मिरूची ताकीद असायची. पहाटे कामावर निघताना दाल्सू मात्र त्या तापलेल्या झाकणावर हळूच तळवा ठेवून बघायचा.

तो जुना लॅपटॉप आता पार बसला होता. स्टुडिओतली उमेदवारी संपल्यापासून मिरू जरा गप्प गप्प असायची. दाल्सूने ठरवलं होतं, चूल चांगली आणून दिली की पोरगी पुन्हा कामाला लागेल.

"काळा द्या," तो म्हणाला.

मा शेठने एकदा मिरूकडे बघितलं. ती काचेवरच्या स्टिकरचा कोपरा नखाने खरवडत होती.

"ताई?"

"अप्पा म्हणतात तो द्या."

मा शेठने माउस फुकट दिला, नारिंगी पट्ट्याची बॅगही फुकट दिली. दाल्सूने बॅग स्वतःच्या खांद्याला लावली आणि मुलीला काळ्या रश्शाच्या नूडल्स खायला घेऊन गेला. ती निम्म्या ठेवून म्हणाली, पोट भरलं. मग राहिलेल्या त्याने संपवल्या. त्या दिवशी तो अगदी खुशीत होता.

दाल्सूची बस नोर्यांगजिन स्टेशनपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत जायची आणि परत खाली यायची. एवढाच तिचा संसार. गल्लीबोळांतून फिरणारी छोटी हिरवी बस. तिच्यातले बहुतेक प्रवासी म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं. खाली शिकवणीचे क्लास, वर स्वस्तातल्या खोल्या आणि अभ्यासिका. अंगात ट्रॅकसूट, पायात मोज्यांवर चपला, पाठीवर काळी बॅग, कानात बोळे. ती बसून झोपत, उभ्या उभ्या झोपत, दांड्याला लटकून झोपत. थांब्यांची नावं सांगायला बसमध्ये एका बाईचा गोड आवाज भरून ठेवलेला होता, पण तो ऐकून कोणी जागं झाल्याचं दाल्सूने पाहिलं नव्हतं. म्हणून क्लासच्या गल्लीचा थांबा आला की तो स्वतः माइक तोंडाशी धरायचा आणि ओरडायचा, "शिकवणीवाले, उठा! उठा रे, सरकार तुमची वाट बघतंय!" मुलं दचकून उठायची, कोणी हसायचं, कोणी "थँक्यू काका" म्हणायचं, आणि ढकलाढकली करत उतरायची.

कोणी एक वर्ष दिसे, कोणी पाच. मग एक दिवस दिसेनासं होई. पास होऊन गेलं की दमून गेलं, हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नसतो. एक चष्मेवाला मुलगा होता, तो आला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. दाल्सूने ते एकेक वर्षाने मागे सरकताना पाहिले. अशा वेळी त्याच्या मनात एकच विचार यायचा आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटायची. बरं झालं, आपली मिरू यांच्यात नाही. आपली मिरू बसला पाय काढते.

घेतल्यापासून मिरू रोज सकाळी नवा लॅपटॉप पाठीवर मारून बाहेर पडत होती. मापोत एक नवा स्टुडिओ मिळालाय, असं तिने सांगितलं होतं. दाल्सूने डेपोत पेढे वाटावेत तशी सगळ्यांना कॅनमधली कॉफी पाजली होती.

एप्रिलमधली सकाळ होती. बस भरलेली. टेकडीच्या मधल्या वळणावर, जिथे चढ छातीवर येतो, तिथे एक मुलगी भिंतीच्या कडेने चालत वर निघाली होती. त्या चढावर पायी जाणारे म्हणजे पुठ्ठे गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या, नाहीतर पार्सलवाले. दाल्सूच्या मनात आलं, कोण ही वेडी, पाच मिनिटांत दुसरी बस येते की. मुलगी पुढे वाकून चालत होती, ओझ्याखाली वाकतात तशी. बस जवळ येताच ती थांबली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. पाठीवरच्या बॅगेला नारिंगी पट्टा होता.

चढावर बस थांबवता येत नाही. मागे गाड्या होत्या, आत माणसं होती. दाल्सूने गिअर बदलला आणि बस वर नेली. उतरताना क्लासच्या गल्लीशी दार उघडलं, बंद केलं, आणि माइकला हात लावायचा राहून गेला. पुढच्या फेरीत माथ्यावर पोचल्यावर मागच्या सीटवरून एक उंच मुलगी डोळे चोळत पुढे आली.

"काका, आज हाक नाही मारली? माझा क्लास गेला ना!"

"चुकलं," दाल्सू म्हणाला. "बस तशीच. खाली नेऊन सोडतो."

दुपारच्या सुट्टीत त्याने माथ्यावरच्या यंत्रातून कॉफी घेतली आणि बसच्या सावलीत उभा राहिला. कपातली कॉफी तशीच निवत होती. तेवढ्यात समोरच्या अभ्यासिकेच्या जिन्यातून मिरू खाली आली आणि सरळ त्याच्याकडे आली. लपायचं असतं तर तिला मागची वाट होती.

"बघितलंत ना सकाळी?"

"बघितलं."

"मापोत काही नाहीये, अप्पा."

"ते कळलं." त्याने कॉफी तिच्यापुढे केली. तिने घेतली. "कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. लॅपटॉप घेतला ना, त्याच्या आधीच्या आठवड्यात क्लासला नाव घातलं होतं."

"म्हणजे त्या दिवशी दुकानात..."

"मी म्हणाले होते. आतलं चालेल."

"मला वाटलं, माझ्या खिशासाठी म्हणतेस."

"आपल्या घरात तेच वाटणार." ती थोडी हसली. "मी खरं बोलले तरी तुम्ही उलटंच धरता. मग बोलून उपयोग काय?"

त्याने बॅग तिच्या खांद्यावरून काढून हातात घेतली. दगड भरल्यासारखी जड होती.

"हे घेऊन चालत येतेस? बस आहे ना आपली."

"दुसरे ड्रायव्हर काका मला ओळखतात. आणि तुमच्या बसमध्ये कशी बसणार? तुम्ही ओरडता ना, शिकवणीवाले उठा. मला बघून ओरडता आलं असतं तुम्हाला?"

"खालीच बघायची होतीस अभ्यासिका."

"खालच्या परवडत नाहीत. आणि ऐका ना, या लॅपटॉपने माझी अब्रू घालवलीय. आत पेनाचं टोपण वाजलं तरी लोक माना वळवतात. हा सुरू केला की मोटार चालू झाल्यासारखा वाटतो. माझ्या टेबलावर रोज पिवळी चिठ्ठी. सगळ्या गोड बोलणाऱ्या. पंख्याचा जरासा त्रास होतो हं, क्षमा असावी. एकीने तर चिठ्ठीबरोबर गोळी ठेवली होती, लिमलेटची. आता मी जिन्यात बसून लेक्चर बघते. तिथे प्लग नाही आणि बॅटरी दुपारी मरते."

दाल्सूला हसू आलं, ते अर्ध्यावर थांबलं. आपण हौसेने चूल आणून दिली आणि पोरगी ती घेऊन जिन्यात बसली.

"आणि चित्रं?" त्याने विचारलं.

मिरूने कप दोन्ही हातांत फिरवला. "स्टुडिओत काय झालं ते मी धड सांगितलंच नाही. उमेदवारी संपली तेव्हा म्हणाले, पुढच्या कामाला बोलावू. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा चांगली चित्रं काढणारी चौघं होती. चौघंही अशीच बोलावण्याची वाट बघतायत."

"कंटाळा आला का तुला?"

"कंटाळा आला असता तर बरं झालं असतं. भीती वाटायला लागली. सकाळी उठल्याबरोबर. मला ठरल्या तारखेला पगार देणारी जागा पाहिजे, अप्पा. बाकी नंतर."

"वॉर्डाच्या ऑफिसात खिडकीमागे बसून दाखले द्यायला आवडेल?"

"आवडेल की नाही, माहीत नाही. बसता येईल."

वर्षानुवर्षं आरशात बघितलेली ती सगळी तोंडं दाल्सूच्या डोळ्यांपुढे आली. चष्मेवाला मुलगाही आला. त्याला सांगायचं होतं, अगं मी बघतो यांना रोज, माझं ऐक. पण ती मुलं त्याने बघितली होती ती झोपलेली. जागेपणी त्यांना कधी विचारलं नव्हतं, इथे का आलात म्हणून. आणि समोर उभी असलेली जागी होती.

"बदलून द्याल?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे काहीतरी सरळ मागितलं होतं. "राखाडी होता ना, तो. आणि माझं अभ्यासाचं फोल्डर तेवढं त्याच्यावर टाकायला सांगा. बाकीचं पुसलं तरी चालेल."

"देतो," दाल्सू म्हणाला.

घरी त्याने बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दोन महिने तिच्या डब्यात मुळ्याचं लोणचं देत नाहीये मी," ती भांडी विसळता विसळता म्हणाली. "म्हणाली, चावताना वाजतं. स्टुडिओत मुळा वाजला तर कोणाच्या बापाचं काय जातं? मी समजले."

"मला सांगायचंस."

"तुम्ही डेपोत कॉफी वाटून आला होतात," बायको म्हणाली, आणि नळ बंद केला.

सुट्टीच्या दिवशी दाल्सू एकटाच योंगसानला गेला. मा शेठ गाळ्यात पाय वर घेऊन बसला होता. दाल्सूने नारिंगी पट्ट्याची बॅग काचेवर ठेवली. मा शेठने आधी बॅगेकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं, आणि या वेळी तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

"नोर्यांगजिन?" तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ताईंनी पंख्याचं विचारलं ना. चित्रं काढणारं पोरगं कार्डाचं विचारतं, मेमरीचं विचारतं. पंख्याचा आवाज विचारणारी सगळी एकाच स्टेशनला उतरतात."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"काय बोलू शेठ? मुलगी गप्प, बाप खुशीत. मध्ये मी कोण? आणि खोटं कशाला बोलू, जडवालाच मला खपवायचा होता. वर्षभर पडून होता."

दाल्सूला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवशी गाळ्यात तिघं होते आणि दोघांना कळत होतं. न कळणारा एकटा तोच होता.

मा शेठने काळा लॅपटॉप उघडला, चालू केला. पंखा घोंघावला. "बदलून देतो. वापरलेला म्हणून थोडी घट धरावी लागेल, तेवढं समजून घ्या. पण त्याच्या आधी एक सांगू? बदलायलाच पाहिजे असं नाही. हे कार्ड सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. मग मशीन नुसतं आतल्यावर चालतं. पंखा बराच गप्प होतो, बॅटरीही थोडी जास्त पुरते. कार्ड आत राहतं, झोपून. उद्या ताईंचं मन फिरलं तर एक बटण दाबायचं, की जागं. तुमचा तोटाही नाही."

दाल्सू स्टुलावर बसला. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. झोपून राहील. जागं करता येईल. त्याला ते इतकं आवडलं की हो म्हणायला त्याने तोंडही उघडलं होतं. मिरूला काही सांगायचीही गरज नव्हती. आवाज बंद झाला म्हणजे झालं. वर्षभराने, दोन वर्षांनी, कधीतरी ती कंटाळून घरी येईल तेव्हा म्हणता येईल, अगं ते आहे अजून आत.

"वजन?" त्याने विचारलं.

"वजन तेवढंच राहणार. कार्ड झोपलं म्हणून हलकं होत नाही. चार्जरही तोच."

दाल्सू उठला. एका हातात काळा घेतला, चार्जरसकट. दुसऱ्या हातात राखाडी. डोळे मिटून जरा वेळ तसाच उभा राहिला. मा शेठला वाटलं, माणूस किमतीचा विचार करतोय. दाल्सू मधल्या वळणावरच्या चढाचा विचार करत होता. बंद केलेली वस्तू रोज पाठीवर घालून त्या चढावरून न्यायची, कोणासाठी? तिच्यासाठी नव्हे. एवढं त्याला आता कळत होतं.

"राखाडी द्या," तो म्हणाला.

मा शेठने दोन्ही मशीनं वायरने जोडली. "काय काय टाकायचं?"

"अभ्यासाचं फोल्डर. बाकीचं पुसा म्हणाली."

"बाकीचं बरंच दिसतंय. हे बघा, 'बस' नावाचं फोल्डर. जुन्या मशीनवरून आणलेलं असणार." त्याने खात्री करायला त्यातली एक फाइल राखाडीवर उघडून बघितली. छोटी हिरवी बस टेकडी चढू लागली. अर्ध्यावर दमली. पाय फुटले. धापा टाकत चालत वर गेली. एकदाही अडखळली नाही. उलट इथल्या स्क्रीनवर तिचा हिरवा रंग फोनपेक्षा उजळ दिसत होता.

"याच्यात तर कार्ड नाही," दाल्सू म्हणाला. "मग हे कसं चालतंय?"

"बघायला आतलं पुरतं, शेठ. वेगळं लागतं ते बनवायला." मा शेठने फोल्डर खालपर्यंत सरकवलं. "ही बाकीची अर्धवट कामं दिसतात. बसला पंख फुटलेत एका ठिकाणी. ही याच्यावर उघडतील, पण धड हलणार नाहीत. पुसू?"

दाल्सूने पंख फुटलेली बस बघितली. रंग भरलेला नव्हता, नुसत्या राखाडी रेषा. ड्रायव्हरला अजून तोंडही काढलेलं नव्हतं, कान तेवढे होते.

"याला वजन नसतं ना?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"या फायलींना."

मा शेठने चष्मा कपाळावर चढवला. "नाही. फायलीला कसलं वजन?"

"मग टाका."

या वेळी बॅग साधी काळी मिळाली. "ही सगळे नेतात," मा शेठ म्हणाला.

सोमवारी सकाळी स्टेशनजवळच्या थांब्यावर रांग होती. दाल्सूने दार उघडलं. एकेक जण तिकिटाचं कार्ड टेकवत आत येत होता. रांगेत पाचवी का सहावी मिरू होती. ट्रॅकसूट, पायात मोज्यांवर चपला, पाठीवर काळी बॅग. तिने कार्ड टेकवलं आणि बाकीची मुलं म्हणतात तसंच म्हणाली, "नमस्कार, काका."

"नमस्कार," दाल्सू म्हणाला. "आत सरका, आत सरका. मागे जागा आहे."

मधल्या वळणावर त्याने सवयीने भिंतीकडे बघितलं. भिंत नुसतीच होती. आरशात बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी एकदा बघितलं. ती मागून दुसऱ्या सीटवर होती, बॅग मांडीवर घेऊन, डोकं काचेला टेकून. तोंड किंचित उघडं. लहानपणी झोपायची तशीच. माथ्यावर बस वळली, तिथल्या खोल्यांतून निघालेली मुलं चढली आणि बस पुन्हा खाली निघाली. सोमवारी सकाळी तिचा आधी क्लास असतो, मग अभ्यासिका, आणि क्लासच्या गल्लीचा थांबा बसला उतरतानाच लागतो. ती माथ्यावर उतरली नाही, झोपूनच राहिली.

क्लासची गल्ली जवळ आली. भरून ठेवलेल्या बाईने गोड आवाजात थांब्याचं नाव सांगितलं. कोणी हललं नाही. दाल्सूने ब्रेक नेहमीपेक्षा हळू दाबला, माइक तोंडाशी धरला. एकदा खाकरला.

"शिकवणीवाले, उठा!" तो ओरडला, रोजच्याच आवाजात. "उठा रे, सरकार तुमची वाट बघतंय!"

मुलं दचकून उठली. कोणी हसलं. कोणी म्हणालं, थँक्यू काका. मागचं दार उघडलं आणि सगळी एकदम खाली उतरून गल्लीकडे निघाली. बाजूच्या आरशात नुसत्या पाठी दिसत होत्या, आणि प्रत्येक पाठीवर तशीच काळी बॅग. त्यातली मिरू कुठली, ते त्याला ओळखता येईना. तो बघत राहिला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तेव्हा त्याने दार लावून घेतलं.